शुभ बोलावे, पण नाऱ्याचेही ऐकावे

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर बेळगाव येथे कार्यकारिणीच्या वतीने झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. विषय : ‘आशावाद आणि निराशावाद – जीवनात व समाजात त्यांचे मोल’.)



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की सभेचे कामकाज संपले, आता थोडे चिंतन-मनन होणार आणि मग चहा. तसे नाही. आम्ही हा विषय मुद्दाम निवडला, कारण आपल्या सभांतून दोनच वाक्ये वारंवार कानी येतात. एक, ‘होईल हो सगळे व्यवस्थित, काळजी कसली करता?’ आणि दुसरे, ‘आता इथे काही व्हायचे नाही, उगीच कशाला धडपड?’ पहिले वाक्य बोलणाऱ्याला आपण आशावादी म्हणतो, दुसरे बोलणाऱ्याला निराशावादी. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, दोघे सभेत वाद घालतात. पण सभा संपल्यावर दोघे काय करतात ते पाहा. दोघेही घरी जाऊन स्वस्थ झोपतात! एकाला वाटते की करायची गरज नाही, दुसऱ्याला वाटते की करून उपयोग नाही. म्हणजे भांडण तोंडाचे, हातांची मात्र एकी.

म्हणून आशावाद चांगला की निराशावाद चांगला, या जुन्या वादात आम्हाला पडायचे नाही. एखादा विचार माणसाला उद्या सकाळी कोणत्या कामाला लावतो, हा आमचा प्रश्न आहे. कामाला लावणारी आशा मोलाची आहे आणि कामाला लावणारी शंकाही तितकीच मोलाची आहे. कामाला न लावणारी आशा आणि कामाला न लावणारी शंका या दोन्ही आळसाच्याच लेकी.

आपल्या समाजात शंकेखोराला फार मान नाही. ‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि नाऱ्याला हसतो. लग्नघरात अशुभ बोलू नये हे खरे. पण मंडळी, मांडव कापडाचा आणि बांबूचा, शेजारी आचाऱ्याच्या भट्ट्या पेटलेल्या, वर विजेच्या तारांचे वेटोळे. अशा वेळी पाण्याचे दोन पिंप आणि वाळूच्या चार बादल्या भरून ठेवल्या आहेत का, एवढे विचारणारा एक तरी नाऱ्या लग्नघरात असावा की नाही? म्हणीतला नाऱ्या चुकला तो एवढ्यापुरताच, की तो नुसते बोलला. बादली त्याच्या हातात नव्हती.

धूळवाफेची पेरणी

आपल्या भागातल्या शेतकऱ्याकडे पाहा. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी करतात. आकाशात ढग नाही, जमिनीत ओल नाही, पायाखाली नुसती धूळ, आणि हा माणूस पाऊस यायच्या आधी बियाणे मातीत टाकतो. याहून मोठा आशावाद कोणता? हवामान खात्याने हमी दिली नाही, सावकाराने दिली नाही, सरकारने तर नाहीच नाही. तरी तो पेरतो, कारण पेरले नाही तर पाऊस येऊनही उपयोग नाही हे त्याला ठाऊक आहे.

पण तोच शहाणा शेतकरी घरातले सगळे बियाणे एका दिवसात पेरून मोकळा होत नाही. पाऊस पडून पुन्हा दडी मारली, कोवळे कोंब जळाले, तर दुबार पेरणीसाठी कणगीत थोडे राखून ठेवतो. शेतात टाकलेले बियाणे ही त्याची आशा, कणगीत राखलेले बियाणे ही त्याची शंका. दोन्ही एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदतात. त्याला कोणी विचारले की तू आशावादी की निराशावादी, तर तो आपल्या तोंडाकडे बघत राहील.

आता घरापुरती गोष्ट झाली. समाजाच्या मोठ्या कामात हे कसे घडते ते पाहण्यासाठी आम्ही एक उदाहरण घेतले आहे. ते दूरचे नाही. घाट उतरला की खाली दिसते ते. कोकण रेल्वे.

ज्यांनी मागितली त्यांना दिसली नाही

कोकणात रेल्वे नेण्याचा विचार इंग्रजी अमदानीतला. स्वातंत्र्यानंतर अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या माणसांनी त्या मागणीचा ध्यास घेतला. लोकसभेत ती मागणी सातत्याने लावून धरली ती बॅरिस्टर नाथ पै यांनी. वेंगुर्ल्याला १९२२ साली जन्मलेले नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून निवडून गेले. बेळगावला त्यांच्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले, तेव्हा वय अवघे ४८. त्या दिवशी कोकणात रेल्वे कुठे होती? रोह्यालासुद्धा नव्हती.

त्यांच्यानंतर प्राध्यापक मधु दंडवते यांनी त्याच राजापूरमधून ती मागणी पुढे नेली. ते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. रूळ रोह्यापर्यंत पोहोचायला १९८६ साल उजाडले. पुढचा डोंगराळ भाग नेहमीच्या पद्धतीने, दरवर्षी अर्थसंकल्पातून मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेवर बांधत बसलो असतो, तर किती पिढ्या लागल्या असत्या कोण जाणे. १९८९ साली केंद्रात सरकार बदलले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले आणि वेगळी वाट निघाली. १९९० साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. रेल्वे मंत्रालयाबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही चार राज्ये भागीदार झाली आणि बरेचसे भांडवल रोख्यांतून उभारायचे ठरले. बंधू-भगिनींनो, एक गोष्ट येथे लक्षात घ्या. ज्या दोन राज्यांचे आपल्या प्रश्नावर एका टेबलाशी बसून कधी जमले नाही, ती दोन राज्ये या कामात एका महामंडळात भागीदार म्हणून बसली. म्हणजे जमत नाही असे नाही, जमवायचे कारण सापडावे लागते.

रोहे ते मंगळूरजवळचे ठोकूर हे अंतर साधारण ७४० किलोमीटर. मध्ये सह्याद्रीचे सुळके आणि समुद्राकडे धावणाऱ्या नद्या. ९० हून अधिक बोगदे, लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. पाच वर्षांत काम पुरे करू असे म्हटले होते, लागली सात वर्षांहून अधिक. खर्च मूळ अंदाज ओलांडून साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला. मऊ मातीतले बोगदे खणताना माती पुन्हा पुन्हा ढासळली. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने तर अभियंत्यांचा अंत पाहिला. या कामात ७० हून अधिक माणसांनी जीव गमावला. आणि अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली.

नाथ पै जाऊन २७ वर्षे झाली होती. त्यांनी जी मागितली ती त्यांना दिसली नाही. आता सांगा, १९६० च्या दशकात लोकसभेत त्यांचे भाषण ऐकून ‘हे काही होणार नाही’ असे म्हणणारा माणूस चूक होता का? त्याचा हिशेब बरोबर होता. पैसा नव्हता, डोंगर होते, दिल्लीला घाई नव्हती. नाथ पैंच्या हयातीत रेल्वे आली नाही, म्हणजे तो माणूस जिंकलाही. पण असा विजय कोणाच्या उपयोगी पडला? आज मुंबईहून सावंतवाडीला, मडगावला, कारवारला जाणारा प्रवासी ज्या रुळांवरून जातो, ते रूळ बरोबर हिशेब करणाऱ्याने टाकले नाहीत. मागणी मरू न देणाऱ्यांच्या चिकाटीने ते टाकले गेले. आशावादाचे पहिले मोल हे आहे. तो काम आजच पुरे करून देत नाही, पण ते पुरे करण्याची वेळ येते तेव्हा मागणी जिवंत असते, कागद तयार असतात, माणसे तयार असतात.

विरोध करणाऱ्यांचेही देणे

पण गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही आपली फसवणूक करू. गोव्यात या रेल्वेच्या मार्गाला मोठा विरोध झाला. खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, रेल्वेच्या भरावाने बाधित होतील, पाण्याचा निचरा अडेल, जुन्या गोव्याच्या वारशाला धक्का लागेल, अशी भीती लोकांनी मांडली. १९९३ मध्ये गोव्यातले काम काही काळ थांबवावे लागले, चौकशी आयोग बसला. अखेर मार्ग बराचसा तोच राहिला. त्या वेळी विरोधकांना ‘विकासाचे शत्रू’ म्हणून हिणवणारे पुष्कळ होते. आम्हाला ते योग्य वाटत नाही. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे ज्याच्या आजोबाने बांध घातला त्याला नकाशा काढणाऱ्यापेक्षा अधिक कळते. त्याची शंका ऐकून घेतली की काम उशिरा होते, हे खरे. पण न ऐकता केलेले काम पुढे पावसाच्या तावडीत सापडते, हेही खरे.

आणि पावसाने परीक्षा घेतलीच. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ सुट्टीसाठी सोडलेली खास गाडी दरडीच्या दगडांवर आदळली. ५० हून अधिक माणसे दगावली. वर्ष उलटते न उलटते तोच, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसला असाच अपघात झाला. पुन्हा जून, पुन्हा दगड, पुन्हा मृत्यू. ज्या रेल्वेची तीन पिढ्यांनी वाट पाहिली, त्या रेल्वेत बसायला लोक कचरू लागले.

येथे आशावादाचे सगळ्यात धोक्याचे रूप दिसते. ‘होईल व्यवस्थित’ म्हणणारा कार्यालयात असतो आणि त्याच्या म्हणण्याची किंमत डब्यात झोपलेला प्रवासी मोजतो. आशा एकाची, भुर्दंड दुसऱ्याला. म्हणून दुसऱ्याच्या जिवावर आशावादी होण्याचा हक्क कोणाला नाही, असे आम्हाला स्पष्ट वाटते. आपल्या स्वतःच्या धंद्यात, स्वतःच्या पैशावर खुशाल आशावादी व्हा. पूल, शाळा, दवाखाना, पतसंस्था यांचा कारभार हाती असेल तर आधी नाऱ्याला बोलवा.

पावसाळी वेळापत्रक

त्या दोन अपघातांनंतर कोकण रेल्वेने जे केले ते आपण सगळ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. धोक्याच्या कटिंगांचे उतार कमी केले, दरडी थोपवायला लोखंडी जाळ्या बसवल्या, भिंती बांधल्या, माती धरून ठेवायला गवत लावले. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त असते. भर पावसात हातात दिवा घेऊन रुळांवरून चालत जाणारा गस्तवाला प्रत्येक फेरीला मनात एकच गोष्ट धरून चालतो, की पुढे दगड पडलेला असणार. शंभर फेऱ्यांत दगड नसतो. तरी एकशेएकाव्या फेरीला तो तसाच, त्याच संशयाने चालतो. निराशावादाला पगार देऊन कामावर ठेवण्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

मोठ्या नद्यांच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत, काही नद्यांवर पुराची सूचना देणारी व्यवस्था आहे, ठिकठिकाणी पर्जन्यमापक आहेत. मुसळधार पावसात पुढचे नीट दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरने चालवावी, अशा सूचना चालकांना असतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पावसाळी वेळापत्रक. जूनमध्ये ते लागू होते आणि ऑक्टोबरपर्यंत चालते. गाड्या मुद्दाम हळू चालतात, काही गाड्यांची वेळ बदलते, काहींना तास-दीड तास अधिक लागतो. प्रवासी कुरकुरतात. पण वर्षातले चार महिने आपण उशिरा पोहोचणार, हे आधीच मान्य करून छापलेले ते वेळापत्रक आहे. ‘यंदा दरड पडणार नाही’ अशी आशा त्यात कुठेही धरलेली नाही.

याचा उपयोग झाला का? ६ ऑगस्ट २०२० रोजी पहाटे पेडण्याच्या त्याच बोगद्यातला भिंतीचा काही भाग कोसळला. जीवितहानी झाली नाही. गाड्या वळवल्या गेल्या, आणि कुठून? मडगाव, लोंढा, मिरज, पुणे. म्हणजे आपल्या बेळगाव स्थानकावरून. २०२४ च्या जुलैमध्ये पुन्हा त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला, गाड्या थांबवल्या, काही वळवल्या. बातम्या आल्या, लोकांचे हाल झाले, चिडचिड झाली. पण ती बातमी खोळंब्याची होती, मृतांच्या यादीची नव्हती. २००३ आणि २०२४ यांतला फरक डोंगराने केलेला नाही. डोंगर तोच, पाऊस तोच. फरक माणसाच्या शंकेने केला.

म्हणजे बघा, ही रेल्वे आशेने बांधली गेली आणि शंकेने चालते. आशा नसती तर चालवायला रेल्वेच नसती. शंका नसती तर त्या रेल्वेत बसायला कोणी धजावले नसते. कामात या दोघींची जागा वेगवेगळी आहे. कुठे जायचे हे ठरवताना आशेला पुढे बसवावे. कसे जायचे हे ठरवताना शंकेला. आपण नेमके उलटे करतो. ध्येय ठरवताना शंका काढतो, म्हणून ध्येय लहान होते. आणि काम करताना आशेवर सोडून देतो, म्हणून काम बिघडते.

ओडिशाने काय केले

हे रेल्वेपुरतेच आहे असे कोणी समजू नये, म्हणून समाजाच्या पातळीवरचे आणखी एक उदाहरण थोडक्यात सांगतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. वादळ येणार हे कळले नव्हते असे नाही. पण एवढ्या मोठ्या वादळाची तयारी नव्हती, आणि सूचना गावागावांत पोहोचवून माणसे हलवायची यंत्रणा अपुरी होती. त्यानंतर त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, आणि वादळ नसतानाही दरवर्षी सराव सुरू केला. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे तसेच प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आले. आधीच लाखो लोक हलवले होते. घरे पडली, शेती गेली, पण मृतांचा आकडा दहा हजारांवरून काही डझनांवर आला.

ओडिशा काही श्रीमंत राज्य नव्हे. ‘वादळ येणारच’ असे म्हणून तिथल्या लोकांनी हातपाय गाळले नाहीत, आणि ‘पुन्हा तसले वादळ कशाला येईल’ असे म्हणून विसरूनही गेले नाहीत. वाईटाची अपेक्षा धरली आणि चांगल्याची तयारी केली. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय एका राज्याने मोडली. मग चाळीस-पन्नास घरांच्या गल्लीला ती का मोडता येऊ नये?

घरातला हिशेब

आपल्या घरातही हेच चालते. साठी उलटलेला गृहस्थ रक्तदाबाची गोळी बंद करतो, म्हणतो मला काही होत नाही. याला कोणी आशावाद म्हणू नये. तसेच, साखरेचा आजार निघाला म्हणून खाणेपिणे, फिरणे, हसणे सगळे सोडून भिंतीकडे तोंड करून बसणारा शहाणा म्हणता येत नाही. गोळी घ्यावी आणि नातवाच्या लग्नाची स्वप्नेही पाहावी. दोन्ही एकाच दिवशी करता येतात.

मृत्युपत्राचेच घ्या. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढला की घरातली वडील मंडळी म्हणतात, काय अभद्र बोलता! आणि मग वडील गेल्यावर सख्खे भाऊ कोर्टात समोरासमोर उभे राहतात. पाच-दहा गुंठ्यांसाठी वीस-वीस वर्षे बोलणे बंद असलेली घरे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. मुले सुखाने राहावीत ही आशा खरी असेल तर ती भांडतील ही शंका आधी मनात आणायला हवी, आणि शांतपणे कागद करायला हवा. मुलांवरचे प्रेम कमी म्हणून कोणी मृत्युपत्र करत नाही. उलट, तो कागद प्रेमापोटीच होतो.

आता आपल्या मंडळाचे

शेवटी आपल्याकडे येतो. आपल्या भागातला मराठी माणूस १९५६ पासून वाट पाहतो आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यालाही दोन दशके उलटून गेली. त्या प्रश्नाचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. पण एवढी दीर्घ प्रतीक्षा माणसाच्या मनाचे काय करते, हा आजचाच विषय आहे. तिने आपल्यात दोन तट पाडले. एक म्हणतो, निकाल लागला की सगळे आपोआप होईल, तोवर थांबा. दुसरा म्हणतो, मराठीचे दिवस संपले, मुलांना जिकडे पोट भरेल तिकडे घाला. पहिल्याचा आशावाद कोर्टाच्या तारखेवर टांगलेला आहे. दुसऱ्याचा निराशावाद स्वतःच स्वतःला खरे करून दाखवतो. शाळा बंद पडणार असे म्हणून एकेक पालक मूल काढून घेतो, पट कमी होतो, शिक्षक कमी होतात, आणि शाळा खरेच अडचणीत येते. मग तोच पालक म्हणतो, बघा, मी म्हणत नव्हतो?

हे दोघे मिळून एक गोष्ट विसरतात. निकाल कधीही लागो, कसाही लागो, आजचे सहा वर्षांचे मूल निकालासाठी सहा वर्षांचेच राहणार नाही. त्याला मराठी वाचता येईल की नाही, हे याच दोन-तीन वर्षांत ठरणार आहे. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने दोन कलमे आली. कलम ३५० अ म्हणते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा राज्याने प्रयत्न करावा. कलम ३५० ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्या आयुक्तांचे एक प्रादेशिक कार्यालय याच बेळगावात अनेक वर्षे होते. आपल्यापैकी किती जणांनी तिथे एक लेखी अर्ज केला? आशावाद्याला वाटले गरज नाही, निराशावाद्याला वाटले उपयोग नाही. अर्ज करणारे हात नेहमी तेच पाच-सहा.

म्हणून कार्यकारिणीच्या वतीने आम्ही तीन गोष्टी सुचवतो. पहिली, यापुढे प्रत्येक वार्षिक सभेत अर्धा तास फक्त शंकांसाठी राखून ठेवावा. काय बिघडू शकते, कुठे पट घसरतो आहे, वाचनालयाचे वर्गणीदार का घटले, पुढची फळी तयार आहे का, हे स्पष्ट बोलावे. जो शंका काढेल त्याला कोणी अपशकुनी म्हणू नये. मात्र शंका काढणाऱ्याने नुसते ‘काही खरे नाही’ म्हणून खाली बसू नये. गस्तवाल्याप्रमाणे दगड नेमका कुठे आहे ते सांगावे.

दुसरी गोष्ट, जो आशा दाखवेल त्याने तिच्याबरोबर एक तारीख आणि एक नाव सांगावे. ‘मराठी शाळा वाचली पाहिजे’ या वाक्यावर टाळ्या पडतात, पण त्यातून एक मूलही शाळेत जात नाही. ‘मे महिन्यात अमुक गल्लीतल्या पहिलीच्या वयाच्या मुलांच्या घरी मी आणि अमुक जाणार’, हे वाक्य कोरडे आहे, पण त्यातून मुले येतात.

तिसरी गोष्ट, आपणही एक पावसाळी वेळापत्रक करावे. न्यायालयाची तारीख पुढे गेली, निवडणुकीत अपयश आले, अनुदान थांबले, की आपले सगळे उपक्रम बंद पडतात आणि वर्षभर कोणी भेटत नाही. वाईट दिवसांत काम हळू चालेल, पण थांबणार नाही, अशी बेतशीर आखणी आधीच कागदावर असावी. महिन्यातून एक बैठक, आठवड्यातून एकदा मुलांचे वाचन आणि वर्षातून एक अर्ज. वेग ४० चा चालेल, पण गाडी उभी नको.

बंधू-भगिनींनो, हे सगळे करून आपल्या हयातीत आपल्याला फळ दिसेल का? आम्ही तशी हमी देत नाही, आणि कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ज्या नाथ पैंनी रेल्वे मागितली त्यांनाही ती कोणी दिली नव्हती. पण त्यांनी मागणे सोडले नाही, दंडवत्यांनी ते पुढे नेले, कोणीतरी बोगदे खणले, आणि आजही जूनच्या काळोख्या रात्री कोणीतरी दिवा घेऊन त्या रुळांवरून चालतो आहे. त्यांतला कोण आशावादी आणि कोण निराशावादी हे ठरवत बसण्यापेक्षा, त्या रांगेत आपली जागा कुठली, हे आपण ठरवू या.

सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिला दोन रकाने आहेत. डावीकडे आपली शंका लिहावी, उजवीकडे आपण स्वतः काय करणार ते. डावा रकाना भरून उजवा कोरा ठेवणाऱ्यांना चहा मिळेल, पण थोडा उशिरा!